टर्कीसाठी शॉटगन: आधी काडतूस, मग चोक, शेवटी कागद

शॉटगन मुळात उडत्या पक्ष्यासाठी आहे. छर्रे पसरावेत, पक्ष्याला गाठावेत, नेम थोडा चुकला तरी फैलावाने सांभाळून घ्यावं, हा तिचा हिशोब. अमेरिकेतल्या रानटी टर्कीच्या बाबतीत तो उलटा होतो. वसंतात मादीच्या आवाजाला भुलून नर जमिनीवरून चालत येतो आणि नेम धरायचा तो त्याच्या डोक्यावर आणि मानेवर. अंगावर मारणं चूक आहे. दाट पिसं, छातीचा जाड स्नायू आणि पंखांची हाडं छर्रे अडवतात. मग जखमी पक्षी पळून झाडीत मरतो आणि कोणाच्याच हाती लागत नाही. मेंदू आणि मानेचे मणके मिळून जी अरुंद पट्टी होते तिच्यात चार-पाच छर्रे एकाच वेळी खोलवर गेले पाहिजेत. त्यासाठी चाळीस यार्डांवर छर्ऱ्यांचा दाट घोळका हवा. चोक (नळीच्या तोंडाशी बसणारा अरुंद भाग, जो छर्रे आवळून धरतो) आणि काडतूस यांची सगळी निवड या एका गरजेभोवती फिरते.

बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाने करतात. दुकानात जाऊन सर्वांत आवळ चोक घेतात, सर्वांत लांब काडतूस घेतात आणि दोन्ही एकत्र केली की सर्वांत चांगला पॅटर्न, म्हणजे लक्ष्याच्या कागदावर छर्ऱ्यांच्या भोकांची सर्वांत चांगली मांडणी मिळेल असं धरून चालतात. तसं होत नाही. नळी, चोक आणि काडतूस या तिघांचं एकमेकांशी जमावं लागतं, आणि जमलं की नाही हे फक्त कागदावर कळतं. म्हणून क्रम असा ठेवा: अंतर ठरवा, काडतूस ठरवा, त्याला साजेसा चोक घ्या, मग कागदावर तपासा.

त्याआधी कायद्याचं

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे हा लेख अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. तिथल्या मराठी मंडळींनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एच-वन-बी, एफ-वन किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे. मित्राची बंदूक रेंजवर हातात घेणंही त्यात येऊ शकतं. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत त्यांत वैध, मुदत न संपलेला शिकार परवाना हा एक आहे. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग राज्याचा परवाना, त्यानंतर बंदूक. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट बंदी लागू नाही. व्हिसाचा प्रश्न असेल तर दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, वकिलाला विचारा.

राज्याची नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचा. अनेक राज्यांत टर्कीसाठी छर्ऱ्याच्या आकाराला वरची मर्यादा असते, काही ठिकाणी खालचीही. बारीक टंगस्टन छर्रे वापरणाऱ्यांनी खालची मर्यादा आवर्जून पाहावी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिशाचा दारूगोळा चालत नाही. मॅगझिनमध्ये किती काडतुसं चालतील यावरही काही राज्यांत बंधन असतं.

छर्ऱ्यांचे नंबर

नंबर वाढतो तसा छर्रा बारीक होतो. व्यास काढायची सोपी रीत अशी: १७ मधून नंबर वजा करा, उत्तर शंभरांश इंचात. ४ नंबर म्हणजे ०.१३ इंच, ५ नंबर ०.१२, ६ नंबर ०.११, ७ नंबर ०.१०, ९ नंबर ०.०८ इंच.

शिशाच्या एका औंसात ४ नंबरचे साधारण १३५ छर्रे बसतात, ५ नंबरचे १७० आणि ६ नंबरचे २२५. तीन इंची बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा मोठा तशी नळी अरुंद) काडतुसात पाऊणे दोन औंस शिसं भरलं, तर ४ नंबरचे सुमारे २३५, ५ नंबरचे ३००, ६ नंबरचे ३९०. मोठा छर्रा लांबवर वेग टिकवतो आणि खोल जातो, पण संख्या कमी असल्याने पॅटर्न विरळ होतो. बारीक छर्ऱ्याचं याच्या उलट. शिशात ५ नंबर हा बहुतेकांसाठी योग्य मध्य आहे. दाट झाडीत तीस-पस्तीस यार्डांच्या आतच काम होणार असेल तर ६ नंबर उत्तम. ४ नंबर जुन्या लोकांचा आवडता. त्याला हरकत नाही, पण दहा इंची वर्तुळ भरायला त्याच्याकडे छर्रे कमी पडतात आणि ती उणीव चोकने पूर्ण भरून निघत नाही.

छर्रे कशाचे आहेत, याने मात्र हे गणित पार बदलतं. शिशाची घनता घन सेंटीमीटरला सुमारे ११ ग्रॅम, पोलादाची ७.८, बिस्मथची ९.६ च्या आसपास. टंगस्टन सुपर शॉट, ज्याला सगळे टीएसएस म्हणतात, त्याची १८ च्या थोडी वर. छर्रा किती खोल जाईल हे त्याचा व्यास आणि घनता यांच्या गुणाकारावरून अंदाजता येतं. ४ नंबर शिसं: ०.१३ गुणिले ११, म्हणजे १.४३. ९ नंबर टीएसएस: ०.०८ गुणिले १८, म्हणजे १.४४. वेग सारखा असेल तर दोन्ही सारखेच आत जातात. पण टीएसएसच्या एका औंसात ९ नंबरचे ३६० च्या आसपास छर्रे मावतात, शिशात ४ नंबरचे १३५. तेवढीच खोली आणि पावणेतीन पट संख्या. त्यामुळे ९ नंबर पाहून 'हे तर कबुतराचे छर्रे' असं हसणाऱ्याने हा गुणाकार करून पाहावा.

२०१८ च्या सुमारास फेडरल या काडतूस कंपनीने हेवीवेट टीएसएस बाजारात आणलं. त्याआधी ही काडतुसं मुख्यतः घरी भरणाऱ्यांची होती. आज त्याचा खरा फायदा बारा बोअरला नाही, लहान बंदुकांना झालाय. वीस बोअरच्या तीन इंची काडतुसात दीड औंस टीएसएस येतं, म्हणजे ९ नंबरचे सुमारे ५४० छर्रे. चारशे दहाच्या (म्हणजे ०.४१० इंच नळीच्या, सर्वांत लहान बंदुकीच्या) काडतुसात १३/१६ औंस, म्हणजे २९० च्या घरात. पाऊणे दोन औंस ५ नंबर शिशाच्या बारा बोअर काडतुसात जेवढे छर्रे, जवळपास तेवढेच या चिमुकल्या काडतुसात. किशोरवयीन मुलं, किरकोळ अंगाची माणसं, खांदा दुखणारे, यांच्यासाठी आमची पहिली शिफारस वीस बोअर आणि टीएसएस हीच.

किंमत मात्र झोंबते. शिशाचं चांगलं टर्की काडतूस साधारण दोन-तीन डॉलरला पडतं, टीएसएसचं एक नग आठ-दहा डॉलर किंवा त्याहून जास्त. पाचाचा खोका संपूर्ण हंगामाला पुरतो, हे खरं. पण चोक शोधण्यातच दोन-तीन खोके उडतात, आणि तो खर्च आधीच धरला नाही तर माणूस कागद न फाडताच जंगलात जातो.

शिशातच राहायचं असेल तर तांब्याचा मुलामा असलेले, कडक केलेले आणि मध्ये बफर (छर्ऱ्यांच्या फटींत भरलेली, त्यांना चेपटू न देणारी भुकटी) भरलेले छर्रे असलेलं काडतूस घ्या. बार उडताना मऊ छर्रे एकमेकांवर चेपटतात, आणि चेपटलेला छर्रा हवेत भरकटतो. विंचेस्टरच्या लाँग बियर्ड एक्सआरमध्ये छर्ऱ्यांभोवती राळ ओतून घट्ट केलेली असते. बार उडाला की ती फुटून तिची भुकटी बफरचं काम करते. शिशाच्या काडतुसांत याचे पॅटर्न बहुतेक बंदुकांत चांगले येतात. वेगाच्या मागे लागू नका. डब्यावर सेकंदाला १३०० फूट पाहून भुरळ पडते, पण ११०० ते १२०० चा पॅटर्न बहुधा दाट असतो, कारण जास्त दाबाने छर्रे जास्त चेपटतात.

काडतुसाची लांबी

पावणेतीन, तीन आणि साडेतीन इंच. हे माप उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या काडतुसाचं असतं. इथेच धोका आहे: साडेतीन इंची काडतूस तीन इंची चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. नळीवर कोरलेलं चेंबरचं माप वाचा आणि त्याच्या वर जाऊ नका. कमी लांबीचं चालतं, जास्त कधीच नाही.

साडेतीन इंची बाराची गरज फार थोड्यांना असते. हलक्या बंदुकीतून तीन इंची टर्की काडतुसाचा धक्काच .३०-०६ रायफलच्या दुपटीच्या आसपास बसतो. साडेतीन इंचीचा त्याहून जास्त. अशा धक्क्याच्या धास्तीने माणूस ट्रिगर ओढताना गाल उचलतो, आणि मग चोक कितीही आवळ असो, पॅटर्न टर्कीच्या वरून जातो.

घरात बारा आणि वीस दोन्ही बोअरच्या बंदुका असतील तर काडतुसं एका खिशात कधीच एकत्र ठेवू नका. वीस बोअरचं काडतूस बाराच्या चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं. मागून बाराचं घालून उडवलं की नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याचा रिवाज याच कारणाने पडला. पण टर्कीची महागडी काडतुसं कधी कधी भलत्याच रंगांत येतात, तेव्हा रंगावर न जाता बुडावरचं लिखाण वाचा.

चोक: आकड्यामागचा आकडा

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेला अरुंद भाग. बारा बोअरच्या नळीचा नाममात्र व्यास ०.७२९ इंच. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक नळीपेक्षा सुमारे ०.०१० इंच अरुंद, मॉडिफाइड ०.०२०, फुल ०.०३५. जुन्या मोजणीत चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात ७० टक्के छर्रे पडले की तो फुल. टर्कीचे चोक त्याच्याही पुढे जातात.

या चोकवर बहुधा तोंडाचा व्यास कोरलेला असतो: ०.६७५, ०.६६५, ०.६६०, ०.६५०. पण निव्वळ हा आकडा अर्धी गोष्ट सांगतो. महत्त्वाचा आहे नळी आणि चोकचं तोंड यांतला फरक. ०.७२९ च्या नळीत ०.६६० चा चोक लावला तर फरक ०.०६९. बेनेलीच्या काही नळ्या ०.७२३ च्या आसपास असतात, तिथे तोच चोक ०.०६३ देतो. ब्राउनिंगच्या बॅक-बोअर केलेल्या, म्हणजे आतून थोड्या रुंद केलेल्या नळ्या ०.७४२, तिथे ०.०८२. आणि मॉसबर्ग ८३५ ची नळी मुद्दाम रुंद, सुमारे ०.७७५, तिथे ०.६६० म्हणजे ०.११५ चा फरक, जो फारच झाला. म्हणून 'मित्राच्या बंदुकीत ०.६६० भन्नाट चालतो' ही माहिती त्याची बंदूक कोणती हे कळल्याशिवाय निरुपयोगी आहे. नळीचा व्यास कंपनीच्या माहितीत मिळतो, नाहीतर गनस्मिथ बोअर गेजने दोन मिनिटांत मोजून देतो.

सुरुवातीसाठी आकडे असे धरा. बारा बोअर, शिसं ५ किंवा ६ नंबर: फरक ०.०५५ ते ०.०७०. ४ नंबर शिसं: थोडं सैल, ०.०४५ ते ०.०६०, कारण मोठे छर्रे अरुंद जागेत एकमेकांवर जास्त आपटतात. बारा बोअर टीएसएस: ०.०६० ते ०.०७५. वीस बोअरची नळी ०.६१५ ची; तिथे टीएसएसला ०.५५५ ते ०.५७५ तोंडाचे चोक चालतात. चारशे दहामध्ये फरक ०.०१५ ते ०.०३० इतकाच. हे आकडे शोध सुरू करण्यापुरते आहेत. यांच्या बाहेरचा चोक एखाद्या बंदुकीत उत्तम चालला तर कागदावर विश्वास ठेवा.

चोक जास्त आवळ झाल्याची खूण कागदावर दिसते. मध्ये विरळ आणि कडेला दाट कंकण, सगळीकडे भरकटलेले छर्रे, आणि एका बाराचा पॅटर्न दुसऱ्याशी न जुळणं. असं दिसलं की अजून आवळ चोक घेण्याचा मोह होतो. उलट करा: ०.००५ ते ०.०१० ने सैल चोक लावून पाहा. बऱ्याचदा तिथेच पॅटर्न जुळतो.

आटे ही वेगळीच डोकेदुखी. विंचोक, ब्राउनिंगचा साधा इन्व्हेक्टर आणि मॉसबर्ग ५०० चा अ‍ॅक्यू-चोक यांचे आटे एकच आहेत, एकमेकांत चालतात. पण इन्व्हेक्टर प्लस वेगळा, इन्व्हेक्टर डीएस वेगळा, ८३५ चा अ‍ॅक्यू-मॅग वेगळा, रेमिंग्टनचा रेम चोक वेगळा. बेरेटा-बेनेलीच्या मोबिल, क्रिओ आणि ऑप्टिमा या वेगवेगळ्या जाती. नाव अर्धवट लक्षात ठेवून मागवलेला चोक दोन-तीन आटे बसतो आणि अडतो. तिथे जोर लावला की नळीचे आटे गेले. आणि त्याहून वाईट म्हणजे आट्यांत बसला पण खालच्या खोबणीत नीट टेकला नाही, तर वॅड (काडतुसातला छर्रे धरणारा प्लास्टिकचा पेला) त्याच्या मागच्या कडेला आपटते आणि नळीच्या तोंडाशी फुगवटा येतो.

नळीबाहेर थोडा येणारा एक्स्टेंडेड चोक घ्या. हाताने काढता-घालता येतो आणि आतला निमुळता भाग लांब असल्याने छर्रे सावकाश आवळले जातात. भोकं पाडलेला पोर्टेड चोक हवाच असं नाही. आवाज वाढतो आणि भोकांत प्लास्टिक साचतं. फेडरलच्या जुन्या फ्लाइटकंट्रोल वॅडला पोर्टेड किंवा वॅड अडवणारे चोक मानवत नाहीत, कारण ती वॅड छर्ऱ्यांबरोबर काही अंतर जाऊन मग मागून उघडते. नंतरची फ्लाइटकंट्रोल फ्लेक्स वॅड दोन्ही प्रकारांत चालेल अशी केलेली आहे.

चोकवर कोणता दारूगोळा चालतो ते कोरलेलं किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. 'फक्त शिसं' असं लिहिलेल्या चोकमधून पोलाद किंवा टंगस्टन उडवू नका. जुन्या, कायमच्या फुल चोकच्या पातळ नळीत टीएसएस घालू नका. तिथे शिसं, आणि शिसं चालत नसेल तिथे बिस्मथ. आजोबांच्या काळातली पट्ट्या पिळून घडवलेली दमास्कस नळी असेल तर ती भिंतीवरच शोभते.

कागदावरची तपासणी

लागणारं साहित्य: तीन फूट रुंद तपकिरी कागदाची गुंडाळी, जाड मार्कर, टेप, दहा आणि वीस इंची वर्तुळं काढायला पुठ्ठ्याचे दोन साचे, अंतर मोजायला रेंजफाइंडर, वाळूच्या पिशव्या, कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण. जागेचं आधी विचारा. बऱ्याच रायफल रेंजवर छर्रे चालत नाहीत. टंगस्टन पोलादी लक्ष्यांवर कधीच उडवू नका, छर्रे उसळून मागे येतात. मोकळ्या जमिनीवर करत असाल तर मागे मातीचा बांध हवा, किंवा निदान चारशे यार्ड निर्मनुष्य जागा.

पहिली पायरी: बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मग चोक काढा, आटे पुसा, त्यांना अँटी-सीझ ग्रीसचा पातळ हात द्या आणि चोक शेवटपर्यंत बसवा.

दुसरी: महागडी काडतुसं लगेच काढू नका. स्वस्त टार्गेट लोडने (सरावाच्या हलक्या काडतुसाने) वीस यार्डांवर तीन-चार बार करून नेम कुठे लागतो ते पाहा. रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी साइट) असेल तर त्याची ढोबळ जुळणी इथेच होते, तीही खांदा न दुखावता.

तिसरी: टर्कीचं काडतूस, चाळीस यार्ड. कागदाच्या मध्यभागी ठळक ठिपका काढा, त्यावर नेम धरून एक बार. कागद बदला. असे प्रत्येक काडतूस-चोक जोडीचे किमान तीन कागद हवेत, कारण एकाच डब्यातल्या दोन काडतुसांत दहा-वीस छर्ऱ्यांचा फरक सहज पडतो. मध्ये नळी निवू द्या. प्रत्येक कागदावर चोक, काडतूस, अंतर आणि तापमान लिहा. घरी आल्यावर सगळे कागद सारखेच दिसतात.

चौथी, मोजणी: छर्ऱ्यांची दाटी जिथे सर्वांत जास्त आहे तिथे दहा इंची वर्तुळ काढा, नेमाच्या ठिपक्याभोवती नव्हे. वर्तुळाचे चार भाग करा आणि मोजलेल्या प्रत्येक भोकावर मार्करने टिंब द्या, नाहीतर साठ-सत्तरनंतर गोंधळ होतो. चाळीस यार्डांवर दहा इंची वर्तुळात शंभर भोकं, हा सर्वमान्य निकष. मग तीन इंचाची चकती वर्तुळात फिरवा. ती पूर्ण रिकाम्या जागी बसते का? बसत असेल तर एकूण आकडा १२० असला तरी पॅटर्न कच्चा, कारण त्या फटीत टर्कीचं डोकं मावतं. शेवटी वीस इंची वर्तुळ काढून पाहा. आत गर्दी आणि बाहेर ठणठणाट असेल, तर नेमातली छोटीशी चूकही माफ होणार नाही.

पाचवी: दाटीचा मध्य आणि नेमाचा ठिपका यांतलं अंतर मोजा. चाळीस यार्डांवर एक एमओए (साइट जुळवण्याचं कोनाचं माप) म्हणजे सुमारे ०.४२ इंच, सहा इंच डावीकडे लागत असेल तर एक एमओएच्या क्लिकवर चौदा क्लिक उजवीकडे. फक्त पुढचा मणी असलेल्या बंदुकीत चोक बदलून पाहा. चोक बदलल्यावर दिशा बदलली तर दोष चोकचा, तो तिरका कापलेला आहे. सगळे चोक एकाच बाजूला मारत असतील तर नळी किंवा दस्ता तपासायला हवा. शॉटगनला रेड डॉट म्हणजे थेर, असं जुने लोक म्हणतात; टर्कीपुरतं आमचं मत विरुद्ध आहे. इतक्या आवळ पॅटर्नला रायफलसारखाच नेम लागतो.

सहावी पायरी बहुतेक जण गाळतात: दहा आणि पंधरा यार्ड. इथे पॅटर्न मुठीएवढा असतो, आणि हलणाऱ्या डोक्यावर मूठभर पॅटर्नने चुकणं फार सोपं. टर्की हुकण्याचं हे नेहमीचं कारण. तुमच्या जंगलात पक्षी बहुधा वीस यार्डांच्या आतच येत असेल, तर चाळीसला १८० भोकं देणाऱ्या चोकपेक्षा ११० देणारा चोक तुमच्यासाठी चांगला.

सातवी: पाच-पाच यार्डांनी मागे जा. दहा इंची वर्तुळात शंभर भोकं जिथपर्यंत येतात ते शेवटचं अंतर, आणि त्यातून पाच यार्ड वजा केले की तुमची मर्यादा. चांगलं टीएसएस पन्नासच्या पुढेही भोकं देतं, पण पन्नास यार्डांवरच्या टर्कीची मान कधी खाली जाईल हे छर्ऱ्यांना ठाऊक नसतं. आमचा सल्ला चाळीसवर थांबण्याचा.

शेवटचे दोन-तीन बार शिकारीच्या कपड्यांत, जाळीचा मुखवटा आणि टोपी घालून, जमिनीवर बसून, पाठ टेकून, बंदूक गुडघ्यावर ठेवून करा. बाकावर बसल्यावर गाल दस्त्यावर जिथे टेकतो, त्याच्यापेक्षा जमिनीवर वेगळ्या जागी टेकतो, आणि तेवढ्याने मारा दोन-तीन इंच वर-खाली होतो. बाकावर असताना धक्का वाचवायला बंदूक वजनदार चौकटीत जखडू नका. मागे सरकायला जागा नसली की तो सगळा जोर दस्त्यावर येतो आणि लाकडी दस्ते मनगटापाशी तडकतात.

तपासणी शक्यतो हंगामातल्या हवेतच करा. थंड हवा दाट असते, दारूही थोडी मंद जळते. मे महिन्यात छान दिसलेला पॅटर्न मार्चच्या गारठलेल्या सकाळी पसरतो. रॉकी पर्वतात मेरियम जातीच्या टर्कीच्या मागे सात-आठ हजार फुटांवर जाणाऱ्यांना विरळ हवेमुळे उलटा, म्हणजे अधिक आवळ पॅटर्न मिळतो.

तीन जोड्या, जिथून सुरुवात करावी

बारा बोअर, नेहमीचा खिसा: तीन इंची, पाऊणे दोन औंस, ५ नंबर शिसं, ०.७२९ ची नळी धरून ०.६६५ ते ०.६७० चा चोक. चाळीस यार्डांपर्यंत याला काही कमी नाही.

वीस बोअर: तीन इंची, दीड औंस, ९ नंबर टीएसएस, ०.५६५ च्या आसपासचा चोक. हलकी बंदूक, सोसवेल असा धक्का, आणि पॅटर्न शिशाच्या बाराला लाजवेल असा.

चारशे दहा: तीन इंची, १३/१६ औंस, ९ नंबर टीएसएस, कंपनीने याच काडतुसासाठी सांगितलेला चोक. मर्यादा कागद सांगेल ती. पस्तीसच्या आत ठेवलेली बरी. शिशाचं चारशे दहा टर्कीसाठी नको.

जंगलात

बसल्या बसल्या रेंजफाइंडरने तीस आणि चाळीस यार्डांवरची झाडं हेरून ठेवा. पक्षी आल्यावर हलायला मिळत नाही. नेम मानेच्या बुडाशी, जिथे पिसं संपून उघडी कातडी सुरू होते तिथे, म्हणजे पॅटर्नचा वरचा भाग डोकं झाकतो. पिसारा फुलवलेला नर मान आत ओढून घेतो, तेव्हा थांबा. तोंडाने एक तीक्ष्ण आवाज काढला की तो बहुधा मान ताठ करून पाहतो. तोच क्षण. मागे दुसरी टर्की किंवा माणूस नाही ना, हे आधी बघा. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, अगदी मोज्यांचासुद्धा. नर टर्कीच्या डोक्याचे रंग तेच असतात आणि दुसरा शिकारी हललेल्या रंगावर बार टाकू शकतो. दुसरं काडतूसही पहिल्यासारखंच भरा. शिसं आणि टीएसएस मिसळले तर मारा वेगवेगळ्या जागी लागतो.

दिवसाअखेर बंदूक रिकामी करून चोक घट्ट आहे का ते बोटाने पाहा. धक्क्यांनी तो सैल होतो. हंगाम संपल्यावर चोक काढून ठेवा, पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटने आतलं वितळलेलं प्लास्टिक घासून काढा, कारण त्याच्या थराने पुढच्या वर्षीचे पॅटर्न बिघडतात. तसाच ठेवलेला चोक काजळी आणि गंजाने असा जाम होतो की गनस्मिथलाही घाम फुटतो. चोकचा आकडा, काडतुसाचं पूर्ण नाव आणि डब्यावरचा लॉट नंबर बंदुकीच्या पिशवीत एका कार्डावर लिहून ठेवा. नवा डबा वेगळ्या लॉटचा निघाला, तर त्यातलं एक काडतूस चाळीस यार्डांवरच्या कागदासाठी बाजूला काढा.